आपल्या धुण्याला कोणतं मशीन?



मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत कर्जाचे सात अर्ज आले. दोन शेळ्यांसाठी, एक शिलाई मशीनसाठी, एक मुलीच्या फीसाठी आणि तीन चक्क वॉशिंग मशीनसाठी. दहा वर्षांपूर्वी असा अर्ज आला असता तर बैठकीत हशा पिकला असता. या वेळी कुणी हसलं नाही. सगळ्यांचा एकच प्रश्न होता, 'घ्यायचं तर कोणतं घ्यायचं?' म्हणून आज त्यावरच बोलू.

आधी आपलं धुणं काय असतं ते बघू. जाहिरातीत पांढऱ्या सदऱ्यावर चहाचा एक थेंब पडतो आणि घरातली बाई घाबरून जाते. आपल्याकडे तसं नसतं. आपल्या ढिगात गोठ्यातली शेणाने भरलेली विजार असते, पाणी धरायला गेलेल्या माणसाची गुडघ्यापर्यंत चिखलाने जड झालेली पँट असते, फवारणीचा सदरा असतो. गॅरेजला जाणाऱ्या पोराचे ऑईलने काळे पडलेले कपडे असतात, गवंडीकामाला जाणाऱ्या जाऊबाईची सिमेंट लागलेली साडी असते. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंच्या चादरी असतात, लहान बाळाची दुपटी असतात, आणि आपली पाळीची कापडंही असतात. हे सगळं एका दगडावर, एका बाईच्या हाताने धुतलं जातं. म्हणून मशीन निवडताना दुकानातला चकचकीत रंग बघायचा नाही, आपला ढीग डोळ्यांसमोर ठेवायचा.

आमची चूक आधी सांगतो

आम्ही चौघीजणींनी तीन वर्षांपूर्वी गटाचं कर्ज काढून एक मशीन घेतलं होतं. तालुक्याच्या एका दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, 'ताई, फुल्ली ऑटोमॅटिक घ्या. कपडे टाका, बटण दाबा, शेतात जा.' आम्हाला ते ऐकूनच बरं वाटलं. अठरा हजार मोजले आणि टेम्पोत घालून मशीन घरी आणलं. नारळ फोडला.

पहिल्याच दिवशी मशीन मध्येच थांबलं आणि टी-टी वाजायला लागलं. आमची पाण्याची टाकी शेळ्यांच्या गोठ्याच्या पत्र्यालगत, नळापासून जेमतेम सहा फूट उंच. पाणी दाबाने येईना, मशीन भरेना, आणि ठरलेल्या वेळेत भरलं नाही की ते मशीन काम थांबवतं. बादलीने पाणी ओतून पाहिलं, तर पहिली धुलाई झाली, पण पुढच्या पाण्याला पुन्हा थांबलं. म्हणजे प्रत्येक वेळी कुणीतरी बादली घेऊन शेजारी उभं राहायचं. शेतात कसलं जातोय! त्यात चिखलाचे कपडे तसेच टाकल्यामुळे नळीत गाळ बसला. सहा महिन्यांनी त्या मशीनवर गोधड्यांची चळत रचली गेली. शेवटी तालुक्याला राहणाऱ्या एका पाहुण्यांना निम्म्या किमतीत दिलं. कर्ज मात्र पूर्ण फेडलं.

मशीन वाईट नव्हतं. पाहुण्यांकडे ते आजही उत्तम चालतंय. आमच्या पाण्याला, विजेला आणि मळाला ते जुळत नव्हतं, एवढंच. ही ठेच आम्हाला लागली, तुम्हाला लागू नये.

मळ निघतो कसा?

कपड्याचा मळ चार गोष्टींनी निघतो. पाणी, साबण, घासणं आणि वेळ. पाचवी गोष्ट म्हणजे ऊब, ती मिळाली तर काम सोपं होतं. दगडावर आपण पाणी आणि वेळ कमी घालतो आणि घासण्या-आपटण्यावर जोर देतो. म्हणून पाठ जाते, मनगटं जातात, आणि कपडाही विरतो.

मशीन काय करतं? ते फक्त घासण्याचं आणि पिळण्याचं काम करतं. भिजवायला वेळ देणं, पुरेसं पाणी घालणं आणि योग्य साबण टाकणं हे आपल्याच हातात राहतं. 'मशीनमध्ये मळ निघत नाही' अशी तक्रार आपण ऐकतो, तिथे बहुतेक वेळा कपडे ठासून भरलेले असतात किंवा भिजवलेलेच नसतात.

आणखी एक गोष्ट. पाण्यात मळ जास्त झाला की तोच मळ परत कपड्यांवर बसतो. गढूळ पाण्यात कपडा कितीही फिरवला तरी तो कळकटच निघणार. म्हणून जास्त मळलेल्या धुण्यासाठी महत्त्वाचा प्रश्न हा, की या मशीनमध्ये मला मधेच पाणी बदलता येतं का, कपडे भिजवता येतात का, आणि घुसळण्याची वेळ वाढवता येते का?

तीन प्रकारची मशीनं

पहिलं सेमी ऑटोमॅटिक, म्हणजे दोन टबांचं. एका टबात कपडे धुवायचे, मग हाताने उचलून दुसऱ्या टबात पिळायला टाकायचे. पिळायच्या टबाला आपल्याकडे ड्रायर म्हणतात, पण तो कपडे वाळवत नाही, पाणी झटकून टाकतो. या मशीनच्या तळाला एक चकती असते, ती दोन्ही बाजूंनी फिरून कपडे घुसळते. पाणी नळीनेही भरता येतं आणि बादलीनेही. धुण्याचं घड्याळ बहुतेक मशीनांत पंधरा मिनिटांपर्यंत लावता येतं, पुरलं नाही तर परत लावा. वीज गेली तर जिथे थांबलं तिथून पुढे चालू. पाणी गढूळ झालं तर सोडून द्या, चांगलं असेल तर त्याच पाण्यात दुसरा घाणा काढा. सगळं आपल्या हातात. अडचण एवढीच, की उचलाउचल आपल्याला करावी लागते आणि शेजारी थांबावं लागतं.

दुसरं फुल्ली ऑटोमॅटिक, वरून झाकण उघडणारं, म्हणजे टॉप लोड. एकच टब, तिथेच धुवायचं आणि तिथेच पिळायचं. वाकावं लागत नाही, मधेच राहिलेला मोजा टाकता येतो. पण याला नळाचं पाणी लागतं आणि ते ठराविक दाबाने लागतं. पाणीही भरपूर पितं. एका घाण्याला साधारण शंभर ते दीडशे लिटर.

तिसरं समोरून काचेचं गोल दार उघडणारं, म्हणजे फ्रंट लोड. यात कपडे वर जाऊन खाली पडतात, जणू कुणी हलक्या हाताने दगडावर आपटतंय. पाणी कमी लागतं, साधारण पन्नास ते सत्तर लिटर. बहुतेकांत पाणी तापवायची सोय असते, त्यामुळे तेलकट मळ आणि आजाऱ्याच्या चादरी यांना हे सगळ्यांत चांगलं. पण किंमत जास्त, एक फेरी तास-दोन तासांची, वीज सलग हवी, पाणी दाबाचं हवं. फेस कमी करणारी वेगळी पावडर लागते. बोअरच्या जड पाण्याने आतल्या कॉइलवर पांढरा थर चढतो. आणि कोरडा चिखल, खडे, वाळू आत गेली तर दाराच्या रबरात आणि पंपात अडकते.

किमतींचं म्हणाल तर सात-आठ किलोचं सेमी साधारण नऊ ते चौदा हजारांत, टॉप लोड पंधरा ते पंचवीस हजारांत आणि फ्रंट लोड पंचवीस हजारांच्या पुढे मिळतं. सणासुदीला हे आकडे खालीवर होतात.

मग आपल्यासाठी कोणतं? पाणी हापशाचं, विहिरीचं किंवा टँकरचं असेल, टाकी उंच नसेल, वीज येऊन-जाऊन असेल आणि कपडे शेतातले असतील, तर सेमी ऑटोमॅटिक. आम्ही दुसऱ्या खेपेला तेच घेतलं आणि ते रोज चालतंय. घरावर टाकी आहे, वीज बरी आहे, बाई नोकरीला जाते आणि शेतीचे कपडे थोडे आहेत, तिथे टॉप लोड चालेल. घरात दीर्घ आजारी माणूस आहे, चादरी रोज गरम पाण्यात धुवाव्या लागतात, पाणी जड नाही आणि खिसा झेपतो, तर फ्रंट लोडचा विचार करा.

टाकीच्या दाबाचा हिशेब सोपा आहे. पाणी नळापासून दहा मीटर उंच असेल तेव्हा साधारण एक बार दाब मिळतो. तीन मीटर, म्हणजे दहा फूट उंच असेल तर शून्य दशांश तीन बार. मशीनला किमान किती बार लागतो ते त्याच्या पुस्तिकेत छापलेलं असतं. दुकानात ते पान उघडून दाखवायला सांगा. आम्ही ते विचारलं असतं तर अठरा हजारांची ती गोष्ट घडलीच नसती.

किलो म्हणजे काय?

मशीनवर 'सात किलो' लिहिलेलं असतं ते कोरड्या कपड्यांचं वजन. आम्ही धान्याच्या काट्यावर कपडे ठेवून पाहिले. सुती नऊवारी पाऊण किलोच्या आसपास भरली, जीनची पँट सहाशे-सातशे ग्रॅम, डबलबेडची चादर किलोच्या जवळ, शर्ट दोनशे-अडीचशे ग्रॅम. सहा माणसांच्या घरचं दोन दिवसांचं धुणं नऊ-दहा किलो भरलं. म्हणजे सात किलोच्या मशीनमध्ये दोन घाणे.

पण मळके कपडे असतील तर सात किलोच्या मशीनमध्ये सात किलो भरू नका. चार-पाच किलो पुरे. कपड्यांना फिरायला जागा मिळाली तरच ते एकमेकांना घासतात. वरून हात घातला तर कपड्यांत सहज शिरला पाहिजे, ही साधी खूण. म्हणून मोठ्या कुटुंबाने साडेसात-आठ किलोच्या खाली घेऊ नये. आणि गोधडी? जाड वाकळ पाणी प्यायली की दोघींना उचलत नाही. ती मशीनमध्ये कोंबू नका, चकती आणि मोटर दोन्ही जातील. तिच्यासाठी अजून हौद आणि पायच बरे.

पाण्याचा हिशेब

आमचा भाग कमी पावसाचा. उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. 'मशीनला पाणी फार लागतं' हे वाक्य आमच्याकडे प्रत्येक सासूने म्हटलंय. तो हिशेब आम्ही बादलीने केला.

सेमीचा टब भरायला पंधरा लिटरच्या चार बादल्या धरा. एका घाण्याला एक साबणाचं पाणी आणि दोन स्वच्छ पाणी, म्हणजे बारा बादल्या. तीन घाणे वेगवेगळे काढले तर छत्तीस बादल्या. हे खरंच फार झालं.

आता असं करा. साबणाचं पाणी एकदाच भरा. आधी कमी मळलेले कपडे, म्हणजे शाळेचे गणवेश, पोलकी, साड्या धुऊन पिळून बाजूला ठेवा. त्याच पाण्यात घरातले रोजचे रंगीत कपडे. शेवटी त्याच पाण्यात शेताचे कपडे. मग पाणी सोडा, स्वच्छ पाणी भरा आणि त्याच क्रमाने तिन्ही घाणे खळबळून पिळा. पुन्हा एकदा तसंच. झाल्या फक्त बारा बादल्या. शेताच्या कपड्यांना आणखी एक पाणी दिलं तरी सोळा. छत्तीस कुठे आणि सोळा कुठे! मधे पिळल्यामुळे साबण तिथेच निघून जातो, म्हणून खळबळायला पाणी कमी लागतं. ही सोय फक्त दोन टबांच्या मशीनमध्ये आहे.

शेवटचं पाणी पिंपात साठवा. दुसऱ्या दिवशी चिखलाचे कपडे आधी त्यातच बुचकळून काढा. साबणाचं पाणी शोषखड्ड्यात सोडा. ते जनावरांना पाजू नका आणि रोज एकाच झाडाला घालू नका, माती खराब होते.

पाणी जड आहे का ते घरीच कळतं. पारदर्शक बाटलीत अर्धं पाणी घ्या, अंगाच्या साबणाचा थोडा कीस टाका आणि जोरात हलवा. फेस आला तर पाणी हलकं. फेस न येता पाणी दुधाळ झालं आणि वर साय धरली तर जड. जड पाण्याला धुण्याचा सोडा थोडा घालावा, म्हणजे पावडर कमी लागते. खायचा सोडा नव्हे, धुण्याचा. रेशमी आणि लोकरीच्या कपड्यांना मात्र तो लावू नये.

विजेचं काय?

सेमीची धुण्याची मोटर साधारण साडेतीनशे-चारशे वॅटची असते. एक घाणा धुऊन, खळबळून, पिळून अर्धा तास धरला तर एक पंचमांश युनिट. महिन्यात तीस घाणे काढले तरी सहा युनिट. पाणी तापवणाऱ्या मशीनचा हीटर दोन हजार वॅटच्या आसपास असतो. तो अर्धा तास चालला तर एकट्यानेच एक युनिट खातो. त्याला जाड वायर आणि मोठा सोळा अँपिअरचा प्लग लागतो. मशीनवरचे तारे बघा. एकाच प्रकारच्या आणि एकाच वजनाच्या दोन मशीनांत ज्याला तारे जास्त, ते वीज कमी घेतं.

यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे अर्थिंग. मशीन म्हणजे वीज आणि पाणी एकाच ठिकाणी. तीन पिनांचा प्लग हवा आणि त्या तिसऱ्या पिनेची तार खरोखर जमिनीत गेलेली हवी. जुन्या घरांत ती नुसती दाखवायला असते. मशीन आणण्याआधी वायरमनकडून तपासून घ्या. ओल्या हाताने, अनवाणी पायाने बटणाला हात लावू नका. मशीनखाली लाकडी पाट किंवा स्टँड ठेवा, पायात चप्पल ठेवा.

कोणता मळ, कोणती रीत

मशीन कोणतंही घ्या, मळ ओळखून धुतलं नाही तर उपयोग नाही.

चिखल आधी वाळू द्या. ओला चिखल चोळला की तो धाग्यात घुसतो. वाळला की झटका, ब्रशने झाडा, मग साध्या पाण्यातून काढून मशीनमध्ये टाका.

शेण, दूध, रक्त यांना नेहमी थंड पाणी. अंडं उकळलं की घट्ट होतं ना? तसंच रक्त आणि दूध गरम पाण्याने धाग्यावर शिजतं आणि डाग कायमचा बसतो. शेण खरवडून काढा, थंड पाण्यात खळबळा, मग पावडरच्या पाण्यात अर्धा-पाऊण तास भिजवा. पाळीची कापडंही थंड पाण्यात भिजवून, साबणाने धुऊन मग मशीनमध्ये टाकली तरी चालतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. मात्र ती उघड्या उन्हात वाळवा, दुसऱ्या कपड्याखाली झाकून नको. झाकलेलं कापड नीट वाळत नाही आणि त्रास आपल्यालाच होतो.

ऑईल आणि ग्रीसला कपडा कोरडा असतानाच पावडरची घट्ट लापशी किंवा भांड्याचा पातळ साबण लावून ठेवा. अर्ध्या तासाने गरम पाण्यात धुवा. डाग काढायला रॉकेल, पेट्रोल लावलेला कपडा मशीनमध्ये कधीही टाकू नका. आतल्या एका ठिणगीने भडका उडेल.

सिमेंट आणि वाळूचे कपडे बाहेर झटकून, दोन पाण्यांतून काढल्याशिवाय मशीनजवळ आणू नका. हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो, घाबरू नका. धुऊन एक-दोन दिवस कडक उन्हात टाका, तो फिका पडतो. केळीचा चीक मात्र कोणतंच मशीन काढत नाही. त्यासाठी बागेतल्या कामाचे कपडे वेगळेच ठेवा.

फवारणीचे कपडे

इथे जरा थांबा, हे नीट ऐका. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना अनेक शेतकऱ्यांना आणि मजुरांना विषबाधा झाली, काहींचे जीव गेले. त्या वेळी फवारणाऱ्याच्या अंगाबद्दल पुष्कळ बोललं गेलं. पण तेच कपडे संध्याकाळी कुणाच्या हातात येतात? आपल्या. आपण ते बाळाच्या दुपट्यांबरोबर एकाच बादलीत भिजवतो.

हे बंद करायचं. फवारणीचे कपडे त्याच दिवशी धुवायचे, ढिगात टाकायचे नाहीत. हातात रबरी मोजे घालायचे. विहीर, हौद आणि जनावरांच्या पाण्यापासून लांब, वेगळ्या बादलीत आधी खळबळायचे आणि ते पाणी ओढ्यात न सोडता मोकळ्या जमिनीवर टाकायचं. मग मशीनमध्ये ते एकटेच, सगळ्यांत शेवटी, भरपूर पाण्यात, जमलं तर गरम पाण्यात, दोनदा पावडर घालून धुवायचे. नंतर रिकाम्या मशीनमध्ये पावडर आणि पाणी घालून एकदा फिरवायचं आणि सोडून द्यायचं. वर सांगितलेली एकाच पाण्यात तीन घाण्यांची युक्ती इथे चालत नाही. कपडे उन्हात वाळवून वेगळ्या खुंटीला टांगायचे. अंगावर पाणी न घातलेलं, बाटलीतलं मूळ औषध सांडून भिजलेला कपडा धुऊन परत वापरू नका, टाकून द्या.

दुकानात विचारायचे प्रश्न

दोघी-तिघी मिळून जा आणि हे प्रश्न कागदावर लिहून न्या. मोटरची गुंडाळी तांब्याची आहे का? मशीनची हमी किती वर्षांची, मोटरची किती वर्षांची, आणि हमीत नेमकं काय येतं? दुरुस्तीवाला आमच्या गावात येतो का, की मशीन तालुक्याला आणावं लागतं, आणि येण्याचे पैसे किती? चकती, पट्टा, नळी हे सुटे भाग इथे मिळतात का? तळ प्लास्टिकचा आहे की पत्र्याचा? आपल्याकडे मशीन मोरीत किंवा अंगणात राहतं, पत्रा गंजतो. खालून उंदीर शिरू नये म्हणून जाळी आहे का? आपल्याकडे मशीन बिघडण्याचं एक मोठं कारण उंदीर आहे, वायरी कुरतडतात. धुण्याच्या टबात गाळ आणि धागे अडकवणारी जाळी काढून धुता येते का?

पक्कं बिल घ्या आणि हमीच्या कार्डावर शिक्का आणि तारीख घ्या. बिलाशिवाय दोनशे रुपये कमी करतो असं कुणी म्हटलं तर ते दोनशे पुढे हजारांना पडतील. तक्रार कुणी ऐकून घेत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक 1915 लक्षात ठेवा.

वापरताना दोन गोष्टी सांभाळा. पिळायचा टब पूर्ण थांबल्याशिवाय हात घालायचा नाही. फिरत्या टबात पदराचं टोक किंवा पोराचा हात गेला तर मोठा अपघात होतो. पदर खोचून घ्या, मुलांना लांब ठेवा. आणि काम झालं की जाळी धुवा, टब पुसा, झाकण थोडा वेळ उघडं ठेवा. महिन्यातून एकदा लिंबूसत्व घातलेल्या पाण्याने मशीन रिकामं फिरवलं की जड पाण्याचा थर निघतो.

पैशाचं गणित आणि एक वेगळी गोष्ट

आम्ही चार घरांत मिळून बारा हजारांचं मशीन घेतलं. एका घाण्याला दहा रुपये ठरवले. पावडर आणि पाणी ज्याचं त्याने आणायचं. महिन्याला चार घरांचे मिळून पन्नास घाणे होतात, म्हणजे पाचशे रुपये. ज्या घरी मशीन आहे तिला विजेचे शंभर रुपये द्यायचे, चारशे मशीनच्या खात्यात. अडीच वर्षांत बारा हजार परत. वहीत प्रत्येक घाणा लिहायचा आणि वार ठरवून घ्यायचे, म्हणजे भांडण नाही. कर्जाचं व्याज आम्ही वेगळं, चौघींत समान वाटून भरलं.

पण खरा हिशेब पैशाचा नाही. आमच्यातल्या एका आक्कांच्या कंबरेचं दुखणं जुनं. दोन बादल्या पिळल्या की त्यांना उठता यायचं नाही. मशीन आल्यावर त्या म्हणाल्या, 'धुणं अजून मीच करते गं, पण आता धुऊन झाल्यावर मी उभी असते.' हे वाक्य आम्ही मशीनच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

त्यांच्या त्या 'मीच करते' या शब्दांवर आम्ही बैठकीत बराच वेळ बोललो. दगडावर आपटायला ताकद लागते, रीत लागते, असं म्हणून धुणं बायकांकडेच राहिलं. आता घड्याळ फिरवायचं आहे. ते फिरवायला बाईचाच हात कशाला हवा? आमच्याकडे एका घरात कॉलेजात जाणारा मुलगा आता स्वतःचे आणि वडिलांचे शेताचे कपडे धुतो. पहिल्या दिवशी त्याने पँटच्या खिशातले दोन खिळे आणि चुन्याची डबी तशीच आत टाकली. दुसऱ्या दिवसापासून खिसे तपासायला शिकला. तुमच्या घरीही मशीन आलं की पहिल्या दिवशी सगळ्यांना भोवती उभं करा आणि प्रत्येकाकडून एक घाणा काढून घ्या. वापरायची पुस्तिका फक्त तुम्हीच पाठ करू नका.

तर मैत्रिणींनो, घाई करू नका. या आठवड्यात तीन कामं करा. दोन दिवसांचं धुणं काट्यावर तोला. टाकी नळापासून किती उंच आहे ते मोजा. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासा. हे तीन आकडे हातात घेऊन दुकानात गेलात की दुकानदार काय विकतोय त्यापेक्षा तुम्हाला काय हवंय, यावर बोलणं होईल.

पुढच्या वेळी भेटू तेव्हा तुमचे आकडे ऐकवा.